हौसाबाईच्या नावाची चाल

माझं शिक्षण सातवीपर्यंत झालंय. त्यामुळं इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही असं कुलकर्णी मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी हसलो आणि नंतर दोन दिवस त्याच काळजीत होतो. मॅडम मूळच्या पुण्याच्या, इथं आयर्लंडमध्ये ॲथलोन गावात इंजिनियर आहेत. आमच्या रेस्टॉरंटात जेवल्या की किचनच्या दारापर्यंत येतात आणि "शिवा, आजची डाळ घरच्यासारखी होती हं" एवढं सांगून जातात. परक्या मुलखात एवढं सांगणारं माणूस मिळायलाही नशीब लागतं. त्या म्हणाल्या, "बोलतोस तसंच लिही. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." तर हे लिहिलंय. चुकलं असेल ते माझं, नीट असेल ते त्यांचं.

स्लायगो हे आयर्लंडच्या वायव्य टोकाचं समुद्राकाठचं शहर. आपली मंडळी तिथं डोंगर बघायला जातात. मी आईसाठी गेलो.

आई तासगावजवळ आमच्या गावी असते. तिच्या पोटात गाठ निघाली आणि मिरजेच्या दवाखान्यात सोमवारी ऑपरेशन ठरलं. माझं इथं राहायच्या परमिटचं कार्ड संपलं होतं, नवीन यायचं होतं. ते हातात नसताना बाहेर पडलो तर परत आत येता येईल का, हे छातीठोक कुणी सांगेना. मी फोनवर म्हटलं, "आई, येता येत नाही." ती म्हणाली, "नगं येऊस. येऊन काय डाक्टरची सुरी धरणार हाईस?" आणि तिनं फोन सुमनकडं दिला. सुमन माझी धाकटी बहीण. आईच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

त्या आठवड्यात डाळीत मी दोनदा मीठ विसरलो. दुसऱ्यांदा ओक्सानानं धरलं. ही आमच्या किचनमध्ये भाज्या चिरते, भांडी बघते. युक्रेनमध्ये ती शाळेत गणित शिकवायची. लढाई सुरू झाल्यावर मुलीला घेऊन निघाली ती इथं पोचली. आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळं आमचं छान जमतं. आई आजारी आहे, एवढंच मी तिला सांगितलं.

"शनिवारी माझ्याबरोबर स्लायगोला चल," ती म्हणाली. "आमचे फादर वसील नावं गातात."

"कुणाची नावं?"

"लोकांची. देवासमोर. चाली त्यांच्या स्वतःच्या. आमच्याकडं त्यांच्या चाली पार लांबच्या खेड्यांत गातात."

आमच्या धंद्यात शनिवारची सुट्टी मागणं म्हणजे जावयानं लग्नातून उठून जाण्यासारखं. मालकानं कारण ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि शनिवार-रविवार दिला. सोमवारी रेस्टॉरंट बंदच असतं. मी त्यांचे इतक्यांदा आभार मानले, की शेवटी ते म्हणाले, आता जा, नाहीतर विचार बदलीन.

शनिवार, वाटेत

ओक्सानाची गाडी युक्रेनवरून चालत इथपर्यंत आलेली. तिचं स्टिअरिंग डावीकडं, म्हणजे इथल्या गाड्यांत ड्रायव्हर बसतो तिथं मी. इथं खेड्यापाड्याच्या रस्त्यावर समोरून येणारा माणूस ओळख नसली तरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. सगळे मलाच ड्रायव्हर समजून बोट उचलायचे. पहिल्या दोघांना मी घाबरून काहीच केलं नाही. मग मीही गुडघ्यावरचं एक बोट उचलायला लागलो. वाटेतलं बॉयल गाव येईपर्यंत माझ्या ओळखीची वीस-पंचवीस माणसं झाली होती.

दगडी बांध, ओली कुरणं, आणि मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल रंगाचे फटकारे. कुणाची मेंढी कुठली ते कळावं म्हणून रंगवतात. मला बेंदराच्या बैलांची रंगवलेली शिंगं आठवली. आई एका शिंगाला हिंगूळ लावायची आणि दुसरं माझ्यासाठी ठेवायची.

वाटेत ओक्सानानं फादरांची गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या पंथावर सरकारची बंदी होती. देवळं बंद, पुजारी तुरुंगात. हे दिवसा दूध कारखान्यात बॉयलरपुढं कोळसा ओढायचे, आणि पडदे ओढलेल्या घरांत जाऊन पूजा सांगायचे, बारशी-लग्नं लावायचे. चाली सुचायच्या, पण कागदावर लिहिल्या तर तोच पुरावा. म्हणून त्यांनी काय केलं, तर गावातल्या चार बायका धरल्या. त्यांच्याकडं एका गाण्यात चार आवाज एकावर एक रचलेले असतात. एकेका बाईला एकेक आवाज पाठ करून दिला. चौघी वेगवेगळ्या घरच्या. कुणी एकटी सापडली तर तिच्या तोंडी पाव गाणं, त्यातून कुणाला काही समजणार नाही.

"आणि स्वतःकडं काय ठेवलं?" मी विचारलं.

"काही नाही. डोकं पुढच्या चालीसाठी मोकळं."

मला हा माणूस भेटायच्या आधीच आवडला. मीही काही लिहून ठेवत नाही. चाळीस जणांच्या रश्श्याचं माप माझ्या मनगटात असतं.

स्लायगो आलं तसा तो डोंगर दिसला. माथा सपाट, सुरीनं कापल्यासारखा. सुरी आठवली आणि मी नजर फिरवली.

शनिवार, चर्चमध्ये

यांचं स्वतःचं देऊळ नाही. इथल्या कॅथलिक चर्चनं त्यांना दोन तास दिलेले. किल्ली सांभाळणाऱ्या आयरिश आजी दारातच होत्या. मी पावसात भिजलेला बघून त्यांनी मला हीटरजवळ उभं केलं आणि हळूच म्हणाल्या, "युअर मॅनला बायको आहे, माहीत आहे ना? पुजाऱ्याला बायको! पण फुलं ती माझ्यापेक्षा बरी लावते." युअर मॅन म्हणजे इथं कुठलाही माणूस, या वेळी फादर. आयरिश लोकांचे फादर लग्न करत नाहीत, त्यामुळं आजींना अजून नवल वाटत होतं. मला काहीच वाटलं नाही. आमच्या गावच्या गुरवाला बायको, चार मुलं आणि दोन म्हशी आहेत.

ओक्साना वर गाणाऱ्यांत गेली. जाताना म्हणाली, "टेबलावर कागद आहेत. नाव लिही आणि टोपलीत टाक. फक्त नाव, आडनाव नको."

टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे होते. एक कोरा, एकावर डोक्याला छोटा क्रॉस छापलेला. क्रॉसखालची अक्षरं त्यांच्या लिपीतली. मी विचार केला, देवाचं काम आहे, कोरा कशाला घ्यायचा? चांगला क्रॉसवाला घेतला. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, हौसाबाई. कागद टोपलीत टाकायच्या आधी कपाळाला लावला. आसपासच्या बायकांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. मला वाटलं, परका माणूस आलाय म्हणून.

फादर वसील ठेंगणे, पांढरी दाढी, बॉयलरवाल्याचे रुंद हात. त्यांच्याकडं पेटी नाही, तबला नाही, त्या चर्चचा मोठा ऑर्गनही बंदच. नुसता गळा. फादरांच्या बोटांत दोन दातांचा लोखंडी चिमटा होता. तो त्यांनी गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि त्या बारीक आवाजावरून वरच्या सगळ्यांना सूर दिला. आम्ही नवीन मडकं टिचकी मारून बघतो, ते मला आठवलं.

मग टोपलीतला एकेक कागद उचलून ते नावं गाऊ लागले. इवान. मारिया. स्तेपान. गावाचं नाव नाही, जात नाही, कोण किती मोठा ते नाही. प्रत्येक नाव वर जायचं, थोडं थांबायचं आणि संथ पाण्यात पान उतरावं तसं खाली यायचं. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. आईला ऐकवावं म्हटलं.

आणि ते आलं. हौ-सा-बा-ई. एकेक अक्षर सुटं, जपून, गरम भांडं फडक्यानं उचलावं तसं.

खरं सांगतो, आईचं नाव असं मोठ्यानं म्हटलेलं मी उभ्या जन्मात फार थोड्यांदा ऐकलंय. वडील असताना ते तिला "अगं" म्हणायचे. आम्ही आई म्हणतो, गल्ली शिवाची आई म्हणते. रेशनच्या दुकानात आणि आता दवाखान्यात तेवढं तिचं नाव. ते नाव सात समुद्रांपलीकडं, एका म्हाताऱ्यानं, घंटेसारखं वाजवलं. माझे डोळे वाहायला लागले आणि पुसायचं भानही राहिलं नाही.

बाहेर आल्या आल्या मी रेकॉर्डिंग सुमनला पाठवून दिलं. खाली लिहिलं, आईला ऐकव, देवासमोर नाव घेतलंय.

मागच्या खोलीत प्रसाद होता. उकडलेले गहू, मध, खसखस. आपली खपल्याची खीरच, दूध नसलेली. मी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी घेत होतो तेवढ्यात ओक्साना आली, तिनं मला मिठी मारली आणि रडायला लागली.

"मला का नाही सांगितलंस? कधी?"

मी म्हटलं, "सोमवारी."

"गेल्या सोमवारी? आणि तू मंगळवारी कामावर आलास? कांदे चिरलेस?"

"अगं, येत्या सोमवारी. ऑपरेशन."

ती मागं सरली. माझ्याकडं बघितलं, माझ्या वाटीकडं बघितलं. "शिवा, आई जिवंत आहे?"

"आहे की. काल तर मला बोलली."

तिनं तोंडावर हात ठेवला आणि मग एकेक करून सांगितलं. कोरा कागद जिवंतांचा. क्रॉसचा मेलेल्यांचा. आत्ताचे हे त्यांचे उपासाचे आठवडे, आणि यातले शनिवार मेलेल्यांच्या नावांचे. जिवंतांची नावं रविवारी. "मी लहानपणापासून बघतेय, तुला सांगायचं सुचलंच नाही," ती म्हणाली. आणि तो गव्हाचा प्रसाद गेलेल्यांच्या नावानं असतो.

मी हातातली वाटी टेबलावर ठेवली. आईचं तेरावं मी आवडीनं जेवलो होतो, वर आणखी मागून घेतलं होतं.

फोन काढला. रेकॉर्डिंग काढून टाकायला गेलो तर दोन निळ्या खुणा उमटलेल्या. लगेच सुमनचाच फोन आला.

"दादा, काय भारी हाय रं ते! आईनं चार डाव ऐकलं. डोळं मिटून पडलीया आणि म्हणतीया, अजून एकदा लाव."

"काही... काही बोलली का?"

"न्हाई. नुसती ऐकतीया. का रं?"

मी म्हटलं, काही नाही. दुसरं काय म्हणणार? आपल्या आईला मी मेलेल्यांत घातलं आणि तेच गाणं तिच्या कानाशी लावून दिलं, हे ऑपरेशनच्या दोन दिवस आधी कुठल्या तोंडानं सांगू?

शनिवारी संध्याकाळी, फादरांच्या घरी

ओक्सानानं मला सरळ त्यांच्याकडं नेलं. चर्चमागचं दोन खोल्यांचं घर. फादरांच्या बायकोला त्यांच्याकडं मानानं इमोस्त म्हणतात. त्यांनी माझा कोट काढून हीटरवर घातला आणि पुढ्यात बीट-घेवड्याचा लाल रस्सा ठेवला. उपासाचा, बिनमांसाचा. मी चमच्याला हात लावला नाही. ओक्साना भराभर सांगत होती आणि मी खाली मान घालून बसलो होतो.

सगळं ऐकून फादरांनी विचारलं, "त्या किती वर्षांच्या?"

"अडुसष्ट असेल. नक्की माहीत नाही."

"मी शहात्तर," ते म्हणाले. "आणि मी दोन वर्षं मेलेला होतो."

ओक्साना त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होती, ती मधेच थांबली. तिलाही हे माहीत नव्हतं.

फादरांना एकदा पकडून फार लांबच्या छावणीत नेलं होतं. तिथं साथ आली आणि गावात बातमी पोचली, की वसील गेला. आज मी ऐकली ती मेलेल्यांच्या नावांची चाल त्यांनी पकडले जाण्याच्या आदल्याच वर्षी बांधलेली. त्या चार बायका पडदे ओढून बसल्या आणि त्यांच्या नावानं तीच चाल गायल्या. दर वर्षी या शनिवारांना. त्यातला सगळ्यात खालचा, चौथा आवाज ज्या बाईकडं होता, ती त्यांची आई.

"दोन वर्षांनी मी दारात उभा राहिलो. आईनं मला आधी थोबाडीत मारली." इमोस्त हसल्या, ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकलेली असणार. "मग जेवायला वाढलं. आणि म्हणाली, ही चाल मी तुझ्यासाठी गायले. आता परत कुणासाठी गाणार नाही. शेवटपर्यंत गायली नाही. कुणाला शिकवलीही नाही."

बंदी उठल्यावर फादर सगळ्या चाली कागदावर उतरवायला बसले. तिघी बायकांनी आपापले आवाज गाऊन दाखवले. चौथा आवाज आईबरोबर गेला होता. आणि बांधणाऱ्याला स्वतःला तो आठवेना. इमोस्तनी वही आणून दाखवली. रेघांच्या चार ओळी, वरच्या तिन्हीत टिंबं भरलेली, खालची ओळ कोरी.

"दुसरा आवाज बांधता आला असता," ते म्हणाले. "हात गेला नाही. ओळ तशीच ठेवली. ज्याला जे सुचेल ते तो खालून म्हणतो."

मी ओक्सानाला म्हटलं, "यांना सांग, आमच्याकडंही जित्या माणसाच्या मरणाची बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं असं मानतात."

तिनं सांगितलं. फादरांनी मान हलवली. "आमच्याकडंही. पण तुला त्यानं झोप येणार नाही, हो ना?"

"नाही येणार."

"नाही येणार," तेही म्हणाले. "गायलेलं नाव परत आणता येत नाही. उद्या कोऱ्या कागदावर लिही. आता रस्सा खा, ती रागावेल."

मी दोन वाट्या खाल्ल्या. या वेळी आधी विचारून घेतलं, हा कुणाच्या नावाचा आहे का. इमोस्त म्हणाल्या, "भुकेल्याच्या."

रविवार

कोरा कागद घेतला. तीनदा तपासला, मग ओक्सानाकडून तपासून घेतला, मग हीटरजवळच्या आजींनाही दाखवला. कागदांमधला फरक त्यांना कळत नव्हता, तरी त्या म्हणाल्या, "यू आर ग्रँड, पेट," म्हणजे झकास आहे रे बाळा.

जिवंतांची चाल निराळी आहे. ती खाली उतरत नाही, पुढं चालत जाते. आईचं नाव आलं तसे फादर टोपलीवरून मान उचलून माझ्याकडं बघून गायले. या वेळी मी फोन काढला नाही. भीती वाटली. माझ्या हातून आणखी काही नको.

दुपारी आम्ही समुद्रावर गेलो. वाळू, वारा आणि समोर फक्त पाणी. माझा देश त्या बाजूला नाहीच, पाठीमागं आहे, हे मला कळत होतं. तरी मी पाण्याकडंच बघत राहिलो. घराकडं तोंड करून उभं राहिलं असतं तर समोर पार्किंग आलं असतं.

सोमवार

ऑपरेशन तिकडं दुपारी दोनचं, म्हणजे इथं सकाळी साडेआठ. तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर होतो. समोरचे लोक बोटं उचलत होते, माझा हात गुडघ्यावरून उठेना. ओक्साना गाडी चालवता चालवता हळू आवाजात आकडे मोजत होती. तिला भीती वाटली की ती पाढे म्हणते. मी म्हटलं, मोठ्यानं म्हण. सतराचा पाढा तिच्या भाषेत मला आता थोडा थोडा येतो.

ॲथलोनचा पूल आला तेव्हा सुमनचा फोन. गाठ काढली, साधी होती, आई शुद्धीवर येतेय. ओक्सानानं गाडी बाजूला घेतली. मी खाली उतरलो आणि शॅनन नदीकडं तोंड करून हात जोडले. कुठल्या देवाला ते ठरवलं नाही.

गुरुवार

आईला बोलता यायला लागलं. मी दुपारचं काम आवरून कोल्ड स्टोरेजच्या दाराशी उभा होतो. सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं असतं तर तिला ते रेकॉर्डिंग जन्मभर मी ऐकू दिलं असतं, आणि दर वेळी मला गव्हाची चव आली असती.

"आई, एक चूक झाली."

"काय रं?"

सगळं सांगितलं. दोन गठ्ठे, क्रॉस, शनिवार. गव्हाचंही सांगितलं. मग आई हसायला लागली, आणि लगेच, "अगं आई गं, टाकं दुखत्यात."

"आई, माफ कर."

"मला म्हाईतच हुतं," ती म्हणाली. "जित्या माणसाला आसली चाल कोण लावतंय व्हय रं? पयल्या डावालाच वळाकलं मी."

"मग चार-चारदा का ऐकलंस? मला का नाही बोललीस?"

"तू एवढ्या हौसंनं धाडलंस, तुला काय बोलू? पयल्यांदा जरा भ्या वाटलं. म्हनलं, चला, हौसाबाईचं बोलावणं आलं. मग परत लावाय सांगितलं सुमीला. नीट कान दिऊन ऐकलं." ती दम घ्यायला थांबली. "खाली कुनीतरी गुनगुनत हुतं. बारीक. शेळ्या राखताना गुनगुनायचास तसं. तूच हुतास नव्हं?"

मी गुणगुणत होतो, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं. सगळ्या आवाजांच्या खाली, फोनच्या अगदी जवळ, माझाच घसा होता.

"मग म्हनलं," आई म्हणाली, "पोरगं संगं हाय. आता कुठं बी न्या."

तिला दम लागला होता. सुमननं फोन घेतला, नंतर बोल म्हणाली. मी फोन खिशात ठेवला. ओक्साना भांड्यांपाशी हात ओले धरून उभी होती.

"काय म्हणाली?"

मी म्हटलं, "खालचा आवाज ऐकू आला म्हणाली."